आबांची टीएलई : प्रकल्प नोंदी, मे ते नोव्हेंबर २०२५

१८ मे, पावस

आबांच्या जुन्या फोक्सवॅगनचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) मोजलं. एक, दोन आणि चार नंबरच्या सिलिंडरला ११० पीएसआयच्या आगेमागे, तीन नंबरला ६०. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा सेल्फ मारला, तीनचा आकडा जागचा हलला नाही. म्हणजे रिंगा नाहीत, व्हॉल्व्ह गेलाय. पडवीतून आबांचा आवाज आला, "दोन वर्षं सांगतोय, ती पूर्वीसारखी चढत नाही म्हणून. ऐकतंय कोण?"

पुढे मलाच संदर्भ लागेल म्हणून लिहून ठेवतो. गाडी फोक्सवॅगन १६०० टीएलई, १९७१ चं मॉडेल, स्टिअरिंग डावीकडे. आबा म्हणजे माझे थोरले काका. जहाजावर नोकरीला होते तेव्हा मुंबईत एका वकिलातीतल्या माणसाकडून त्यांनी ती घेतली. इंजिन मागे, डिकीच्या तळाखाली झोपवलेलं, हवेवर थंड होणारं, १५८४ सीसी, ताकद ५४ पीएस. आणि नावातला 'ई' इंजेक्शनचा, म्हणजे कार्बोरेटरऐवजी विजेवर उघडणाऱ्या इंजेक्टरांतून पेट्रोल फवारणाऱ्या यंत्रणेचा: बॉशचं डी-जेट्रॉनिक. अमेरिकेत धुराचे नियम कडक झाले तेव्हा १९६७ साली फोक्सवॅगनने याच १६०० मालिकेत ते आणलं. मूळ पेटंटं बेंडिक्सची, बॉशने त्यांचा परवाना घेतला होता.

आबांची अट एकच. इंजेक्शन काढायचं नाही. रत्नागिरीत ज्याला ज्याला गाडी दाखवली त्याने बॉनेट उघडायच्या आत सांगितलं, दोन कार्बोरेटर टाका आणि मोकळे व्हा. बॉनेटखाली इंजिन नाही हे त्यांना नंतर कळायचं. माझा स्वतःचा धंदा बोटींचे वायरलेस आणि फिशफाइंडर दुरुस्त करण्याचा. सुट्या ट्रान्झिस्टरांवर चालणारा इंजेक्शनचा मेंदू घरात असताना तो काढून कार्बोरेटर बसवणं मलाही जमण्यातलं नाही.

इंजिन उघडायचंच आहे तर थोडी ताकदही वाढवू, असं ठरलं. चार माणसं आणि दोन पेट्या आंबे घेऊन आंबा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढावा लागतो, ते बंद व्हायला हवं.

२५ मे

यंदा पावसाने मे महिन्यातच गाठलं. आंबा अजून झाडावर, आणि खळ्यात चिखल. चिऱ्यांच्या फरसबंदीवर ट्रॉली जॅक ठेवून इंजिन खाली घ्यायचा बेत होता. जॅकचं एक चाक दोन चिऱ्यांच्या सांध्यात रुतलं आणि सव्वाशे किलोचं धूड तिरकं झालं. मिरकरवाड्याच्या चाचांना फोन केला. ते लॉन्चींची इंजिनं बांधतात, १ जूनपासून मासेमारी बंद होणार म्हणून आधीच गडबडीत होते, तरी चेनपुली घेऊन आले. पडवीच्या वाशाला नको, सरळ फणसाच्या फांदीला लावली. "घर पडण्यापेक्षा फणस पडलेला बरा," म्हणाले. काहीच पडलं नाही. इंजिन आता पडवीत, आबांच्या आरामखुर्चीपासून चार हातांवर. त्यांना ते फार आवडलंय.

१ जून

हेड उघडली. तीन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळलेला, चंद्रकोरीएवढा तुकडा गायब. बाकीचे तिन्ही पांढुरके पडलेत. काळा नाही, तपकिरी नाही, पांढुरका: मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. हा मुद्दा पुढे येणार आहे.

दुसरं जे सापडलं ते माझंच पाप. सहा वर्षांपूर्वी मी हौसेने क्रँककेसवरचे (इंजिनाच्या मुख्य पेटीवरचे) गंजके बोल्ट काढून चकचकीत स्टेनलेस स्टीलचे बसवले होते. प्रत्येक बोल्टच्या डोक्याभोवती आता पांढरी भुकटी आहे आणि भुकटीखाली धातू खाल्लेला. क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची. समुद्राची खारट दमट हवा, मॅग्नेशियम आणि स्टेनलेस एकत्र आले की त्याची बॅटरी तयार होते आणि मॅग्नेशियम आपला जीव देतं. मूळ बोल्टांना जस्ताचा मुलामा होता तो उगाच नव्हता. एका ठिकाणी नखाने खरवडलं तर दोन मिलिमीटर खोल खड्डा निघाला. नशीब, तिथे सील बसत नाही.

चाचांचा उपाय: लॉन्चीच्या बुडाला ठोकतात तशी जस्ताची पट्टी लाव. पण ती पट्टी पाण्यात काम करते. बोट आणि जस्त दोन्ही एकाच खाऱ्या पाण्यात बुडालेली असतात म्हणून जस्त आधी झिजतं. आमची गाडी सुदैवाने पाण्यावर चालत नाही. चाचा म्हणाले, "जुलैत ये पावसच्या रस्त्यावर, मग सांग."

८ जून

आठवडाभर वहीत हिशोब चाललाय. शेवटी हे पक्कं झालं.

या इंजेक्शनच्या मेंदूला किती हवा आत गेली ते दिसत नाही. त्याला दिसतो मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा नेणाऱ्या नळ्यांमधला दाब. डी-जेट्रॉनिकमधला 'डी' त्याचाच, जर्मनमध्ये दाबाला ड्रुक म्हणतात. दाब, इंजिनाचे फेरे आणि तापमान यांवरून तो हवेचा अंदाज बांधतो आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. तो अंदाज १५८४ सीसी आणि मूळ कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांच्या मापाने शिवलेला आहे. उसवता येत नाही.

म्हणून कॅमला हात लावायचा नाही. जास्त ताकदीच्या कॅमला इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ मोठा असतो. आयडलिंगला मॅनिफोल्डमधली ओढ कमी होते. सेन्सरला वाटतं गाडी चढावर आहे, आणि मेंदू उभ्या गाडीत पेट्रोल ओततो. ही चूक प्रत्येक वेगाला वेगळी, त्यामुळे एक स्क्रू फिरवून ती निघत नाही.

सिलिंडर मोठा केला तर तसं होत नाही. ८५.५ मिलिमीटरचा पिस्टन काढून ८८ चा घातला, स्ट्रोक ६९ तसाच ठेवला, तर १६७९ सीसी होतात. त्याच दाबाला हवा सहा टक्के जास्त जाते, आणि ती आयडलिंगलाही सहा टक्के, घाटातही सहा टक्के. सगळीकडे सारखी चूक असेल तर ती एकाच ठिकाणी सुधारता येते. पेट्रोलचा दाब वाढवायचा की झालं. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे सहा टक्के जास्त हवं तर दाब बारा टक्के वाढवायचा.

इथपर्यंत सोपं होतं. मग पेट्रोल आठवलं.

पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. नुसतं पेट्रोल पुरतं जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. वीस टक्के मिसळल्यावर आकडा साडेतेरावर येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला वजनाने नऊ टक्के, आणि इथेनॉल थोडं जड असल्यामुळे मापाने सात-आठ टक्के जास्त इंधन फवारायला हवं. आजच्या गाड्यांच्या सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर असतो, तो हे ओळखून भरपाई करतो. आमच्याकडे तो नाही. १९७१ चा मेंदू १९७१ च्या पेट्रोलला जेवढं मोजायचा तेवढंच आजही मोजतो. पांढुरके व्हॉल्व्ह इथून आले, आणि "पूर्वीसारखी चढत नाही" हेही. आबांचं बरोबर होतं. अजून त्यांना सांगितलेलं नाही.

सहा आणि साडेसात टक्के, एकावर एक धरले तर चौदा. वर्गाने तीस. मूळ दाब २ बार, म्हणजे २.६ बार लागणार. एवढं सगळं एकट्या दाबावर लादायला नको: दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरचा स्क्रू तिथवर पोचेल का शंका, आणि जास्त दाबाविरुद्ध इंजेक्टरची सुई उचलायला उशीर करते, त्यामुळे आयडलिंगचं छोटं उघडणं बिघडतं. दाब २.३ पर्यंत नेऊ, उरलेली कसर प्रेशर सेन्सरमधून काढू.

९०.५ चे पिस्टनही मिळतात, १७७६ सीसी. भाच्याचा सगळा आग्रह त्यासाठी. त्याला वही दाखवली. इथेनॉल धरून वीस टक्के, दाब जवळजवळ दीडपट. तो म्हणाला, "मामा, मग मेंदू बदल ना." आबा पडवीत जागेच होते. विषय संपला.

२१ जून, कोल्हापूर

८८ चे सिलिंडर दोन प्रकारचे येतात. एक तसेच खोचता येणारे, पण त्यांची भिंत पातळ, तापली की वाकडी होते. दुसरे जाड भिंतीचे, त्यांच्यासाठी केस आणि हेड दोन्हीकडची भोकं मोठी करावी लागतात. जाड घेतले. पुरवठादाराने आधी पातळ पाठवले, ते परत करण्यात बारा दिवस गेले. त्या भांडणाबद्दल इथे लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

बोरिंगला उद्यमनगर. केस आणि हेड सुंभाने बांधून, गोणपाटात गुंडाळून, भावाच्या पिकअपमधून आंबा घाट चढून. मिस्त्रींनी केस हातात घेतली आणि वजन बघून दोनदा माझ्याकडे पाहिलं. मॅग्नेशियम हाताला खोटंच वाटतं. मग सिलिंडरची पाती बघून म्हणाले, "काय हो साहेब, बुलेट फाडून चार तुकडे केलाय काय?" समजावून सांगितल्यावर मात्र त्यांनी जे काम केलं ते बघण्यासारखं. चारही भोकं एका मापात, शेवटचा कट हाताच्या पंख्याने वारा घालत हळूहळू. टर्निंगचा चुरा लगेच गोळा करून बाहेर वाळूच्या बादलीत टाकायचा, अशी पोराला ताकीद. मॅग्नेशियमचा चुरा पेटला तर पाण्याने विझत नाही, उलट भडकतो, हे मी सांगायच्या आधी त्यांना ठाऊक होतं. स्टडची सैल झालेली भोकं मोठी करून त्यांत पोलादी आट्यांचे बुश बसवून घेतले. हेडमध्ये तापमान सेन्सरची जागा शाबूत आहे ना, ते दोनदा तपासलं. बाजारात मिळणाऱ्या नव्या हेडांना ती नसते, म्हणून जुनीच हेड राखली आणि फक्त व्हॉल्व्ह, गाइड, सीट नवे घातले.

परतताना घाटात धुकं इतकं की पिकअपच्या नाकापुढचं दिसेना.

६ जुलै

भातलावणीमुळे हाताखाली कोणी नाही. माझंच काम सुरू: वायरी आणि मेंदू.

मेंदू मागच्या सीटच्या बाजूला पत्र्याआड असतो. झाकण काढल्यावर दोन मिनिटं नुसता बघत बसलो. एकही आयसी नाही. सुटे ट्रान्झिस्टर, डायोड, रेझिस्टर, हाताने लाख लावलेली कॉइल. २५ पायांचा कनेक्टर हिरवा पडला होता. बोर्डाच्या एका कोपऱ्यात बुरशीचं जाळं, आपल्याकडे पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर येतं तसंच. आयसोप्रोपिलने धुतलं, कनेक्टरचे पाय खोडरबराने घासले, दिव्याखाली दिवसभर वाळवलं. कपॅसिटर बदलावेत की नाही यावर स्वतःशीच वाद घातला. बदलले नाहीत. चालणाऱ्या जुन्या बोर्डाला उगाच सोल्डर लावायचा नाही, हे बोटीवरच्या वायरलेसनी शिकवलंय.

प्रेशर सेन्सर स्टीलच्या पेल्याएवढा. आत निर्वात डब्या, दाबाबरोबर त्या फुगतात-दबतात, त्यांना जोडलेला लोखंडी गाभा कॉइलमध्ये सरकतो. कॉइल मोजल्या: एक ९१ ओहम, दुसरी ३५० ला दोन कमी. ठीक. नळीला हातपंप लावून १५ इंच (पाऱ्याच्या मापाने) ओढलं, पाच मिनिटं काटा जागचा हलला नाही. फार मोठा जीव भांड्यात पडला, कारण हा फुटका निघाला असता तर प्रकल्प इथेच संपत होता.

हेडचा तापमान सेन्सर २८ अंशाला १.८ किलोओहम, चहाच्या भांड्यात उकळत्या पाण्यात १९०. तेही ठीक. भांडं नंतर चहाला वापरू नये अशी सूचना मिळाली आहे.

१३ जुलै

आज मूर्खपणा.

इंजेक्टर तपासायला खळ्यात मांडणी केली. गाडीचाच पंप, गाडीचाच रेग्युलेटर, मिनरल टर्पेंटाइन, आणि भाच्याने शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलेली चार मोजपात्रं. इंजेक्टरची कॉइल जेमतेम २.४ ओहमची. मेंदू आणि तिच्यामध्ये रेझिस्टर असतात, त्यामुळे तिला बारा व्होल्ट सरळ द्यायचे नसतात, ३ व्होल्ट पुरतात. हे मला माहीत आहे. भाच्याला मीच सकाळी समजावलं. काल त्याच टेबलावर एका तांडेलाचा व्हीएचएफ सेट होता, आणि पॉवर सप्लायचं बटण १३.८ वर राहिलं होतं.

पहिला इंजेक्टर लावला, फवारा झकास, मी मोजपात्राकडे बघतोय. दहा-बारा सेकंदांनी वास आला. जळक्या व्हार्निशचा तो गोडसर वास मी तीस वर्षं ओळखतो, फक्त तो दुसऱ्यांच्या सेटमधून यायचा. मोजलं तर ०.७ ओहम. गेला. पेटलं काही नाही, हे नशीब.

आबा उठून आत गेले आणि पत्र्याच्या ट्रंकेतून तेलकट कागदात गुंडाळलेला एक इंजेक्टर घेऊन आले. जहाज हॅम्बुर्गला असताना घेतलेला, मी शाळेत जायच्या आधीचा. "दोन होते," म्हणाले, "एक मी जाळला होता."

बाकीची तपासणी ३ व्होल्टवर. एक, दोन, चार दोन टक्क्यांच्या आत सारखे. तीन नंबर अकरा टक्के कमी. त्याच्या तोंडच्या जाळीत टाकीतला तांबडा गंज. म्हणजे आधीच पातळ मिश्रण, त्यात तीनला आणखी कमी. व्हॉल्व्ह तोच का जळला याचं उत्तर मिळालं. जाळी साफ केल्यावर तोही रांगेत आला.

२ ऑगस्ट

क्रँक बसवला. एंड प्ले (क्रँकची मागे-पुढे हलण्याची मोकळीक) ०.०९ मिलिमीटर, ०.०७ ते ०.१३ मध्ये हवा. केसचे दोन अर्धे जोडले. पिस्टन वर आला की सिलिंडरच्या कडेपासून १.३ खाली राहतो. हिशोबाने कॉम्प्रेशन रेशो मूळच्या ७.७ वरून ८ च्या आसपास गेला. साध्या पेट्रोलला चालेल. इथेनॉल इथे मात्र मदत करतं, ते लवकर ठोकत नाही.

केस बाहेरून रंगवली. प्रायमर आणि पातळ काळा हात, खाऱ्या हवेसाठी. बोल्ट सगळे जस्ताच्या मुलाम्याचे. छान दिसतंय. (या रंगाबद्दल १४ सप्टेंबरला वाचा.)

डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीचे पॉइंट काढून त्या जागी हॉल सेन्सरचं मॉड्यूल घातलं. इंजेक्शनला इग्निशनशी देणंघेणं नाही. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी त्याचे स्वतःचे दोन वेगळे कॉन्टॅक्ट असतात, एक जोडी एक-चार सिलिंडरांना, दुसरी दोन-तीनला. ते फक्त कोऱ्या कागदाने पुसले.

२४ ऑगस्ट

तीन दिवसांवर चतुर्थी. चाकरमानी यायला लागले. पडवीत मखर उभं राहायचंय, म्हणून इंजिनाची रवानगी गोठ्यात, ताडपत्रीखाली. आरती झाली की प्रत्येक जण गोठ्यात जाऊन येतो आणि बाहेर येऊन सांगतो, कार्बोरेटर लावला असतात तर आतापर्यंत झालं असतं.

७ सप्टेंबर

टाकी उतरवली, आतला गंज काढला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कोकणात हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाला बसतं आणि पत्रा खातं. यापुढे टाकी भरलेली ठेवायची, अर्धी नाही. टाकीत हवा कमी तेवढं पाणी कमी.

नळ्या सगळ्या बदलल्या. जुन्या कापडी विणीच्या नळ्या दोन बोटांत दाबल्यावर बिस्किटासारख्या मोडल्या. नव्या फ्लुओरो-रबराच्या अस्तराच्या, जे३०आर९ छापाच्या. इथे कंजुषी करणाऱ्याने मॅग्नेशियमचं इंजिन घेऊ नये. दोन बारचं पेट्रोल गरम हेडवर फवारलं गेलं तर मागे राहतं ते सायलेन्सर आणि राख.

१४ सप्टेंबर

इंजिन गाडीत. अडीच लिटर २०डब्ल्यू-५०. टॅपेट ०.१५. किल्ली फिरवली, पुढे टाकीखाली पंपाने सेकंद-दीड सेकंद घूं केलं आणि थांबला. बरोबर. मेंदू जिवंत आहे, दाब भरून वाट बघतोय. सेल्फ मारला.

काही नाही. ठिणगी आहे, दाब २ बार आहे, इंजेक्टर मुके. दोन तास कनेक्टर काढ-घाल. मेंदू मारला की काय या विचाराने जेवण गेलं नाही. संध्याकाळी चाचा आले, इंजिनकडे बघितलं, त्या सुंदर काळ्या रंगावरून बोट फिरवलं.

"अर्थिंग खरवडलंस काय?"

इंजेक्टरच्या सगळ्या अर्थिंग वायरी एकत्र येऊन क्रँककेसच्या एका बोल्टाला बसतात. मी त्या बोल्टाखाली दोन हात रंग मारला होता. पॉलिश पेपर, एक मिनिट. दुसऱ्या सेल्फला गाडी सुरू झाली.

वायरलेसची दुरुस्ती करणाऱ्याला अर्थिंग लॉन्चवाल्याने दाखवावं. लिहून ठेवतोय, कारण नाहीतर चाचा सांगत फिरतील ती गोष्ट याहून वाईट असेल.

२० सप्टेंबर

आयडलिंग वर-खाली झुलतंय, ७०० ते १२००. कुठेतरी चोरून हवा शिरतेय. कार्बोरेटरला थोडी गळती चालते, याला नाही. इनटेक पाइपाला सायकलचा पंप जोडून आत धुपाटण्यातला धूर सोडला. देवघरासारखा वास, आणि दोन नंबरच्या पाइपाच्या रबरी बुटाखालून धुराची बारीक रेघ. रबर नवं, पण क्लँप तिरका. सरळ केला. ८५० वर स्थिर.

२७-२८ सप्टेंबर

सायलेन्सरच्या पाइपात वेल्डिंग करून लॅम्डा मीटरचा सेन्सर बसवला. हे फक्त मोजण्यासाठी, मेंदूला जोडलेलं नाही. लॅम्डा १ म्हणजे हवा-इंधन अगदी मापात, त्यावर गेलं की पातळ.

मूळ २ बारवर, भाट्याच्या सरळ रस्त्याला, ६० च्या वेगाला: १.१२. वहीत चौदा टक्के लिहिले होते, बारा निघाले. मी रस्त्याच्या कडेला थांबून वहीचा फोटो काढला. भाचा म्हणाला इतका आनंद त्याच्या दहावीच्या निकालाला झाला नव्हता.

दाब २.३ केला: १.०५. हिशोबाबरहुकूम.

उरलेल्यासाठी सेन्सरचं सील फोडावं लागणार होतं. आधी एलसीआर मीटर लावून, हातपंपाने ०, ५, १०, १५ इंच ओढत प्रत्येक ठिकाणचा इंडक्टन्स लिहून घेतला, म्हणजे बिघडलंच तर परत जागेवर आणता येईल. मग इपॉक्सीची डांबरट गोळी कोरून काढली. आतला स्क्रू घड्याळजीच्या पेचकसाने पाव फेरा. एवढंच. गाडी फिरवून आणली: ०.९९. आरे-वारेच्या चढावर पूर्ण रेस दिली तेव्हा ०.९४, ते चढासाठी अजून पातळच. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला चढावर थोडं जास्त पेट्रोल हवं, ते आतून थंडावाही देतं. दुसरा स्क्रू, फुल लोडचा, एक अष्टमांश. ०.८८. थांबलो. हात थरथरत होते आणि खाली समुद्रावर पर्यटक सेल्फी काढत होते.

२ ऑक्टोबर

दसरा. झेंडूचा हार गाडीला. आबांनी दुसरा, छोटा हार मागच्या सीटच्या बाजूच्या पत्र्याला लावला.

९ नोव्हेंबर, आंबा घाट

मी, आबा, भाचा, बायको. साखरप्यात चहा. प्लगखाली तापमानाची रिंग आहे, तिचा आकडा सरळ रस्त्याला १७५. मिऱ्या-नागपूर महामार्गाच्या कामाची लाल माती, पुढे उसाचा ट्रॅक्टर. त्याला ओलांडताच तिसरा गिअर, आणि तिसऱ्यातच राहिली. वळणावर वेग पडतो तिथे हात आपोआप गिअरवर गेला, आबांनी वरून हात ठेवला. "थांब. ओढते बघ." ओढलं. माथ्यावर रिंग २०५, लॅम्डा ०.८९.

आबांना मग सांगितलं की दोन वर्षांपूर्वीपासूनचं त्यांचं म्हणणं खरं होतं, इथेनॉलमुळे. ते म्हणाले, "ते मला कशाला सांगतोस, तुझ्या वहीत लिही." लिहिलं.

माथ्यावर थांबून पुन्हा सुरू करताना तीनदा सेल्फ लागला. गरम इंजिन, गरम नळ्या, वीस टक्के इथेनॉल, इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीत (रेलमध्ये) वाफ. पेट्रोल फिरून टाकीत परत जातं, म्हणून किल्ली दोन-तीनदा चालू-बंद करून पंपाला घूं करू दिलं की सुटतं. कायमचा उपाय शोधायचाय.

घरी आल्यावर खाली पुठ्ठा ठेवला. सकाळी त्यावर तेलाचा रुपयाएवढा डाग, दोन नंबरच्या पुशरॉड ट्यूबखाली. सील मागवलं.